दुसरा ग्लास

मास्तरांची मुलगी आली तेव्हा रावसाहेब दाराच्या बिजागरीला तेल घालत होते.

रावसाहेब म्हणजे नावाचेच हो. जन्मभर विमा कंपनीत मान खाली घालून नोकरी केली, आणि घरी बायकोच्या शब्दाबाहेर कधी गेले नाहीत. त्या बायकोला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. कुणी कुणाला फसवलं, कुणाच्या मरणात काही काळंबेरं वाटलं, की लोक बाईंचं दार ठोठावत. रावसाहेब सोबत जात आणि न चुकता भलत्याच माणसावर संशय घेत.

"माझे बाबा गेल्या आठवड्यात गेले," मुलगी म्हणाली. "विषानं. पोलीस म्हणतात, आत्महत्या. मला एवढंच कळू दे बाई, ते माझ्यामुळे मेले का?"

"तुमच्यामुळे का मरतील?"

"आदल्या संध्याकाळी मी त्यांना म्हणाले, उद्यापासून मी येणार नाही. माझ्यानं आता होत नाही."

"काय होत नाही?"

"ते सांगता येणार नाही. मी त्यांना शब्द दिलाय."

"ते गेले तरी?"

"ते गेले तरी." आणि ती रडायला लागली. रावसाहेबांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी तेलाचा डबा उचलून आत नेऊन ठेवला.

मास्तर म्हणजे बीअरच्या छोट्या कारखान्याचे मालक आणि तिथले मुख्य कारागीर. त्यांची इम्पीरियल स्टाउट म्हणजे डांबरासारखी काळी, जड बीअर. बर्बन व्हिस्की काढून घेतलेल्या लाकडी पिंपांत ती वर्षभर मुरायची. प्रत्येक पिंप उघडायच्या दिवशी सकाळी मास्तर आणि मुलगी, दोघंच ती चाखत. मुलगी धंदा शिकतेय, असं सगळे धरून चालले होते. गेल्या आठवड्यात पिंप उघडलं तेव्हा मास्तर एकटेच होते, आणि खुर्चीतच मेलेले सापडले.

इन्स्पेक्टर ओळखीचे होते. "बाई, उगाच खोलात जाऊ नका. धान्याच्या कोठारातलं कीडनाशक होतं. ग्लासला इतका उग्र दर्प होता की आमच्या शिपायाला मळमळलं. आणि मास्तरांच्या नाकाची ख्याती तुम्हाला माहीत आहे. बंद पिंपाजवळून नुसते चालत गेले तरी आत काय बिघडलंय ते सांगायचे. तो माणूस न हुंगता घोट घेईल? आपण काय पितोय ते त्यांना पक्कं माहीत होतं."

"पटलं," रावसाहेब म्हणाले.

बाईंना पटलं नव्हतं. त्यांनी दोघांनाही कारखान्यात चलायला सांगितलं.

कारखान्यात दार उघडलं ते टाकीवाल्यानं. टाक्या धुण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पिंपांच्या खोलीत पाय टाकला आणि रावसाहेबांनी नाक दाबलं. कुजका वास नुसता अंगावर आला.

"उंदीर मेलाय मांडणीमागे," टाकीवाला म्हणाला. "चांगलाच जुना. मास्तर सापडले त्या सकाळीही हाच वास होता. बाकी कुणाला इथं यायची परवानगी नव्हती. मास्तर मात्र रोज बसायचे."

"आणि त्यांची मुलगी?"

"ताई पिंप उघडायचं असेल तेव्हाच खाली यायच्या."

टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या होत्या. मास्तरांच्या खुर्चीसमोर काही नव्हतं, तिथला ग्लास पोलिसांनी नेला होता. मुलीच्या खुर्चीसमोर गोल पोटाचा ग्लास तसाच भरलेला होता.

"त्यातलं थोडं तपासलं," इन्स्पेक्टर म्हणाले. "निव्वळ बीअर आहे."

"दोन ग्लास कुणी मांडले?" बाईंनी विचारलं.

"मीच दारात ट्रे दिला, नेहमीसारखा," टाकीवाला म्हणाला. "ताई येणारच असं धरून. मास्तर काही बोलले नाहीत. दोन्हीत बीअर ओतली आणि अंगणात फेरी मारायला गेले. गार असताना हिचा वास झोपलेला असतो, जरा कोमट झाली की जागा होतो, असं म्हणायचे. तेवढा वेळ खोली उघडीच असते."

"मास्तर स्वभावानं कसे होते?"

"तापट. माझ्या तोंडाला सिगारेटचा वास आला की टाकीजवळ फिरकू द्यायचे नाहीत. पण वर्षभरात निवळले होते बिचारे. एकदासुद्धा बोलले नाहीत."

त्यानं पिंपातून थोडी ताजी बीअर काढून रावसाहेबांपुढे धरली. रावसाहेबांनी कर्तव्य म्हणून नाक दाबूनच घोट घेतला. "कडू आहे. आणि घशात जाळ. लोक वर्षभर वाट बघतात ती ह्याची?"

"ग्लास बाहेर घेऊन चला," बाई म्हणाल्या.

अंगणात रावसाहेबांनी दुसरा घोट घेतला आणि तिथंच थबकले. आधी कॉफी आली, मग व्हॅनिला, जळकी साखर, ओलं लाकूड, आणि सगळ्यात शेवटी व्हिस्कीची ऊब. "अगं, ही दुसरीच दिली की काय?"

"ग्लास तोच आहे तुमच्या हातात," बाई म्हणाल्या आणि बराच वेळ त्यांच्या नाकाकडे बघत राहिल्या. रावसाहेबांनी हळूच मिशी पुसून घेतली.

भागीदार वरच्या ऑफिसात होता. "मोठी कंपनी कारखाना विकत घ्यायला तयार आहे. मला विकायचाय, जावयालाही विकायचाय, एकटे मास्तर अडून बसले होते. म्हणून तुम्ही माझ्यावर संशय घेणार, घ्या. पण त्या नाकासमोर विष ठेवायला मी काय वेडा आहे? ग्लास माझ्याच तोंडावर फेकला असता त्यांनी. त्या सकाळी तर मी खिडकीत मुलीच्या गाडीची वाट बघत होतो. म्हटलं, बापाला समजवायला सांगू."

रावसाहेबांच्या मते हाच खुनी होता. तसं त्यांनी जिन्यात सांगूनही टाकलं.

"का?"

"डोळ्याला डोळा भिडवून बोलत होता."

"मग आमचे बंधू जन्मठेपेलाच जायला हवेत," बाई म्हणाल्या.

जावई विक्रीचं काम बघायचा. बोलायला मऊ, हात जोडून उभा. "मी त्या दिवशी सकाळपासून इथंच होतो. तिला ह्यात ओढू नका, बाई. ती घरीच होती. आदल्या रात्री जेवताना म्हणाली, उद्या जाणार नाही. बाबांच्या मनाला लागलं असणार. म्हातारपणी माणूस हळवा होतो."

शेवटी बाई मुलीबरोबर मास्तरांच्या घरी गेल्या. स्वयंपाकघरात करपून काळी पडलेली दुधाची भांडी होती. गॅसची शेगडी काढून टाकलेली, तिच्या जागी विजेची.

"विसरायचे," मुलगी घाईनं म्हणाली.

बाईंनी मान हलवली आणि भांडं जागेवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सगळे पिंपांच्या खोलीत जमले. उंदीर काढला होता, खिडक्या उघडल्या होत्या. मुलगी नवऱ्याशेजारी उभी होती.

"इन्स्पेक्टर," बाईंनी सुरुवात केली, "तुमचं सगळं म्हणणं मास्तरांच्या नाकावर उभं आहे. ते नाक वर्षभरापूर्वीच गेलं होतं."

भागीदार हसला. बाकी कुणी हसलं नाही.

"कुजक्या उंदराशेजारी हा माणूस रोज बसत होता. सिगारेटवरून बोलणं बंद झालं ते निवळले म्हणून नव्हे, वास येत नव्हता म्हणून. दूध करपलेलं कळत नव्हतं, गॅस सुटलेला कळला नसता, म्हणून शेगडी बदलली. आमच्या रावसाहेबांनी नाक दाबून ही स्टाउट घेतली तेव्हा त्यांना फक्त कडू आणि जाळ लागला. त्या कडूत आणि जाळात कीडनाशकाची चव बुडाली. वास बुडत नाही, पण मास्तरांना तो येतच नव्हता."

मुलीनं डोळे मिटले होते.

"त्यांचं नाक तुम्ही होतात," बाई तिला म्हणाल्या. "तुम्ही हुंगून सांगायचात, ते जगाला सांगायचे. शब्द दिला होतात तो हाच. आता तो पाळून उपयोग नाही."

"नाक गेलेला कारागीर म्हणून कुणी कीव केलेली त्यांना चालली नसती," ती पुटपुटली. "पण मला ते खोटं बोलवत नव्हतं. मी सोडलं आणि त्यांनी..."

"नाही. मरायला निघालेला माणूस बीअर कोमट व्हायची वाट बघत नाही. आणि दोन ग्लास भरत नाही. तुम्ही येणार नाही म्हणाला होतात, तरी त्यांनी तुमचा ग्लास भरला. तुम्ही याल असं त्यांना वाटत होतं. ते तुमची वाट बघत होते."

तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"म्हणजे हा खून आहे," इन्स्पेक्टर म्हणाले. "कुणी केला?"

"ज्याला दोन गोष्टी माहीत होत्या. एक, मास्तरांना वास येत नाही. नाहीतर असलं विष कुणी वापरेल का? भागीदार आणि टाकीवाला दोघं अजून ते नाक शाबूत होतं असंच धरून आहेत. दुसरी, मुलगी त्या सकाळी येणार नाही. ती आली असती तर बापाचा ग्लास आधी तिनंच हुंगला असता. टाकीवाल्यानं दोन ग्लास दिले. भागीदार खिडकीत गाडीची वाट बघत बसला. ती येणार नाही हे एकालाच माहीत होतं, आणि ते त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं."

रावसाहेबांना उमगायला थोडा वेळ लागला. मुलीला नाही लागला. ती नवऱ्याकडे वळली.

"बाबांच्या नाकाचं मी फक्त तुला सांगितलं होतं."

जावयानं नाकारलं असतं तर कदाचित बरं झालं असतं. तो मऊ आवाजातच म्हणाला, "सुटका हवीय, असं तूच म्हणाली होतीस ना? विकून टाकलं असतं, मोकळे झालो असतो. त्यांना कळलंसुद्धा नसेल."

त्याला नेलं तेव्हा त्यानं मागं वळून पाहिलं, ती हाक मारेल म्हणून. तिनं मारली नाही.

"म्हणजे शेवटी माझ्यामुळेच," ती म्हणाली.

रावसाहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंना खोटा दिलासा देता येत नाही, हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं.

"तुम्ही ज्याच्याजवळ बोललात तो माणूस वाईट निघाला," बाई म्हणाल्या. "ह्यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही."

ती टाकीवाल्याकडे वळून म्हणाली, "काका, मला थोडी काढून द्या."

त्यानं नवा ग्लास भरून दिला. ती आपल्या खुर्चीत बसली. ग्लास दोन्ही तळव्यांत धरून तिनं तो ऊब येईपर्यंत तसाच ठेवला. कुणी खोलीबाहेर गेलं नाही. मग ती वाकली, श्वास आत ओढला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत हळू आवाजात सांगू लागली.

"कॉफी आहे, बाबा. व्हॅनिला थोडी जास्त झालीय. लाकूड छान उतरलंय."