भाड्याच्या बंगल्यातली सुकरी

जमीनदारी गेली, तसा अहेरीजवळच्या जंगलातला जुना बंगला मालकानं भाड्यानं द्यायला काढला. कंपन्यांच्या सभा, मेजवान्या तिथं होत. एरवी तिथं एकटी सुकरी असायची, बंगल्याच्या माळ्याची मुलगी. बाप गेल्यावर बाग तिनंच सांभाळली. बोलायला कुणी नसे, म्हणून ती गुलाबांशीच बोलायची.

"काऊन रे, असा मान टाकून बसला?" एका दुपारी ती रोपट्याला रागावत होती.

"रुसला असन तुमच्यावर," मागून कुणीतरी हसलं.

लाकूड कंपनीचा कारकून मुखरू सभेसाठी जागा बघायला आला होता. सुकरी लाजून लाल झाली.

"बंगला पायाले आलो, बाई..."

"मंग बंगला पाहा नं. मले काऊन पाहून राह्यले?"

पुढचे आठ दिवस दोघं मिळून बाग सजवत होते. पताकांची दोरी बांधताना बोटाला बोट लागलं... आणि दोघांच्याही हातून दोरी सुटली! पताका सगळ्या कारंज्याच्या पाण्यात. कितीतरी दिवसांनी सुकरी पोट धरून हसली.

सभा झाली. साहेबांच्या मोटारी गेल्या. ट्रकमध्ये खुर्च्या चढवून मुखरू तिच्याजवळ आला.

"सुकरी... मी परत येईन. कंपनीसाठी नाई — तुह्यासाठी."

दरवर्षी कितीतरी पाहुणे बागेवर खूश होऊन 'परत येऊ' म्हणत. कुणी आलं नव्हतं.

"जाताना सारेच असं म्हणतात, बाबू," ती म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं.

ट्रक गेला. त्यानंतर सागाचं पान गळलं तरी तिला फाटकाशी कुणी आल्यासारखं वाटे. कुणीच नसे.

पुढच्या हिवाळ्यात कंपनीनं बंगला पुन्हा घेतला, पण कारकून वेगळाच आला — गुणवंतराव.

"मुखरूबाबू... नाई आले?"

"त्यानं तं सिरोंच्याच्या डेपोत बदली मागून घेतली. म्हणे, तिथी पुन्हा जायाची हिंमत नाई मही."

सुकरीच्या हातातली झेंडूची माळ तशीच राहिली. वर्षभर तिला वाटत होतं, तो विसरला! तो तर तिनं तोंड फिरवलं म्हणून आला नव्हता. तिनं कमरेच्या किल्ल्या सोडून गुणवंतरावांच्या हातात दिल्या.

"अवो बाई, परवा सभा हाये!"

"होऊ द्या नं. सकाळी झाडाईले पाणी घाला फक्त."

सिरोंच्याला निघालेल्या लाकडाच्या ट्रकमध्ये ती जाऊन बसली.

प्राणहितेच्या काठी, डेपोच्या खोपटापुढं मुखरू तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवत होता. तिला पाहताच तो धडपडत उठला.

"तू... इथी? कोनं आणलं?"

"कोनंच नाई. मही मीच आली." तिनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली. "त्या दिवशी तुमी खरंच याल असं वाटलं, बाबू... म्हणूनच भेव वाटला, अन् तोंड फिरवलं. तुमी नाई आले असते, तं मी कुठी गेली असती?"

तो डोळे पुसत उगाच म्हणाला, "धूर लई हाये..."

मग गोंधळून भांड्यात डोकावला. "भात एकाचाच हाये, सुकरी."

ती चुलीजवळ बसली. "मंग टाका अजून तांदूळ. मले घाई नाई."