खिडकीजवळची फळी

राणीसावरगावला आमच्या घरात मेंढरांच्या कोठ्यावर एक लाकडी माडी आहे. फळ्यांच्या फटींतून विंचू वर यायचे, म्हणून यंदा मी तिथं टाइल्स बसवायचं ठरवलं. गंगाखेडला मी मोटारींचं वाइंडिंग करतो. आवाज आला की त्याचं कारण शोधायची माझी सवयच आहे.

बन्सीधर मिस्त्रींनी कुजक्या फळ्या बदलल्या, बाकीच्या तुळयांना स्क्रूनं आवळल्या. वर प्लायवूड, त्यावर टाइल्स. एकही फळी हलती राहिली तर टाइल फुटते, असं त्यांनी बजावलं होतं. माडीभर कडुलिंबाच्या भुशाचा कडवट वास होता आणि मी खुशीत होतो.

अडलं ते खिडकीजवळच्या फळीपाशी. आई म्हणाली, "ती ऱ्हाऊ दे. तुजे अण्णा येईस्तोवर तिला हात लावू नको."

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माझे वडील, अण्णा, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतात ते पावसाळ्यालाच परततात. रानात फोन लागत नाही. पण दिवेलागणीला ती फळी करकरते, कुणी मांडी घालून बसावं तशी. मग आईला कळतं, की अण्णा जिथं असतील तिथं सुखरूप टेकले. ती पाय पसरून, उघड्या डोक्यानं त्या जागेशी गप्पा मारत बसते. सुनेच्या तक्रारीसुद्धा तिथंच होतात. तापलेलं लाकूड गार होताना वाजतं, हे मी तिला कितीदा सांगितलं. ती नुसती हसायची. तिचं ते हसू मला फार आवडायचं, म्हणून मी कधी ताणून धरलं नाही.

अण्णा आले. आईचा चेहरा उजळला. आता खुशाल आवळा, असं तीच मिस्त्रींना म्हणाली. फळी आवळली, प्लायवूड बसलं. मी त्यावर उड्या मारून पाहिल्या. जराही आवाज नाही.

संध्याकाळी माडीवरच अण्णा भिंतीला टेकून जेवत होते. मी त्यांच्यासमोर. आई पाय पसरून, पदर खांद्यावर टाकून निवांत बसली होती.

दिवा लागला.

खिडकीजवळची फळी करकरली.

मी अण्णांकडे पाहिलं. ते जागचे हलले नव्हते.

"आज उशीर केला त्यानं," अण्णा म्हणाले, आणि घोंगडीचं एक टोक त्यांनी खिडकीकडे सारलं.

 आईनं पाय आखडून घेतले आणि डोक्यावर पदर ओढला.