हाताला विचारून

"एक बोल्ट द्या. करंगळीएवढा जाड आणि वीतभर लांब."

"एकच?"

"एकच. पण कडक बघून द्या."

सकाळपासून पावसाची रिपरिप चालली होती आणि भर दुपारी दुकानात दिवा लावावा लागला होता. काका जेवायला घरी गेले होते आणि गल्ल्यावर ती एकटीच होती. खिळे-बोल्ट वजनावर विकायचे, त्यामुळे एकच नग मागणारं गिऱ्हाईक म्हणजे नसता उपद्व्याप. पण समोरचा तरुण इतका भिजला होता, की तिने मुकाट्याने खण उपसला. मग राहवेना म्हणून विचारलं, एका बोल्टचं करणार तरी काय?

"वाकवणार."

"कशाने?"

त्याने दोन्ही हात पुढे केले. काटकुळी मनगटं, लांब बोटं. तिला हसू आवरेना. "बरं, दाखवायला आणा हं, पैलवान," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तो आला आणि घोड्याच्या नालासारखा वाकलेला बोल्ट त्याने हलकेच काउंटरवर ठेवला. तिचं हसू जागच्या जागी विरलं.

"दुसरा द्या, मालकीणबाई," तो म्हणाला. "याच्याहून किंचित बारीक."

दोन गल्ल्या पलीकडे त्याचं कुलपं दुरुस्त करायचं एवढंसं दुकान होतं. भिंतभर हुकांना किल्ल्या, बसायला एक स्टूल. दिवसाचं काम सरलं की खिळे वाकवायचे, हा त्याचा छंद. एकदा तिने तिथे जाऊन पाहिलं आणि मलाही शिकवा म्हणून हट्टच धरला. काकांनी कपाळाला हात लावला. माल विकायचा असतो बाई, ते म्हणाले, मोडायचा नसतो.

शिकवायला तो फार चांगला होता. पहिला खिळा त्याने तिला बारीक आणि लांब दिला. लांब म्हणजे अवघड, असं तिला वाटलं. तर म्हणे उलटं आहे, लांब खिळ्याला पकडायला जागा असते, आखूड खरा हट्टी. दोन्ही टोकांना चामड्याची पट्टी गुंडाळून बांधायची, खिळा छातीशी धरायचा, अंगठे मध्याजवळ टेकवायचे आणि झटका न देता दाबत राहायचं. टोकं जवळ येईपर्यंत खिळा वाकला म्हणायचा नाही. एक सहज जमू लागला, की मगच त्याच्याहून थोडा जाड, नाहीतर तेवढाच जाड पण आखूड. मधे हाताला पुरती विश्रांती.

"लक्ष्य आपण ठरवायचं नसतं," तो सांगायचा. "हाताला विचारून ठरवायचं."

आणि पट्टी ज्याची त्यानेच बांधायची, हा त्याचा नियम. एकदा त्याची पट्टी सुटली म्हणून तिने हात पुढे केला, तर त्याने खिळ्यासकट हात हळूच मागे घेतला… नजर मागे घ्यायला मात्र त्याला जरा वेळ लागला.

तिच्या तळहातांची सालं निघाली, मग तिथे घट्टे पडले. ती एकेक पायरी वर चढत होती. आणि तो? माल तीच काढून द्यायची, तेव्हा हे आधीच लक्षात यायला हवं होतं. बोल्टवरून तो जाड खिळ्यावर आला होता, जाड खिळ्यावरून मध्यम.

"पैलवान, तुम्ही जिना उलटा का उतरताय?" तिने चेष्टेने विचारलं.

तो किल्ली घासत होता. कानस थांबली नाही. कुलपाचा बिघाड सांगावा तशा आवाजात त्याने सांगितलं, की नसांचा आजार आहे. सुरुवात हातांपासून. औषध नाही. किती वेगाने वाढेल ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही, म्हणून तो आपला खिळ्यांवर मोजत होता. लोक चढायची लक्ष्यं ठरवतात, तो म्हणाला, मी उतरायची ठरवतो. प्रत्येक पायरीवर जमेल तितकं टिकून राहायचं.

पैलवान ही हाक आता तिलाच बोचू लागली. तरी तिने ती बदलली नाही. बदलली असती, तर तेच त्याला जास्त लागलं असतं.

एका संध्याकाळी दोघांच्या हातात एकाच मापाचा खिळा आला. ती वर येत होती, तो खाली जात होता, आणि मधल्या पायरीवर गाठ पडली. दोघांनी बरोबरच वाकवले. तिने ते वाकलेले खिळे एकमेकांत अडकवून त्याच्यासमोर धरले.

"यातला तुमचा कुठला?"

"नीट वाकलाय तो."

"म्हणजे माझा."

तो हसला. बाहेर ओल्या रस्त्यावर दिव्याचा पिवळा उजेड पसरला होता. घड्याळ इथेच बंद पडावं, असं तिला वाटलं.

पण त्याच संध्याकाळी त्याने सांगून टाकलं. सगळ्यांत बारीक खिळा ज्या दिवशी वाकणार नाही, त्या दिवशी दुकान बंद करून दुसऱ्या शहरात ताईकडे जायचं. "ताईला माझं करायची सवय आहे," तो म्हणाला. "आणखी कुणाला ती लावायची नाही." बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

सळया बांधायची काळी तार मऊ का असते, हे खिळ्यांच्या दुकानात वाढलेल्या मुलीला सांगावं लागत नाही. ती भट्टीत लाल करून सावकाश निववलेली असते. त्याच्यावर सगळ्यांत बारीक खिळ्याची पाळी आली, तेव्हा तिने घरच्या शेगडीवर एक खिळा चिमट्यात धरून लाल केला, निवू दिला, पॉलिश पेपरने घासून लख्ख केला आणि कागदात गुंडाळून त्याला नेऊन दिला. तो जाता कामा नये… याच्यापलीकडे तिने विचारच केला नव्हता.

खिळा लोण्यासारखा वाकला. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर असा उजेड पसरला, की तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं. मग त्याचा अंगठा खिळ्यावरून फिरला. किल्ल्या घासणाऱ्याच्या अंगठ्याला पॉलिश पेपरचे ओरखडे कळल्याशिवाय राहतात होय?

"माझ्याशी खरं बोलणारी एवढी एकच वस्तू उरली होती," तो अगदी हळू म्हणाला. "तिलाही तुम्ही खोटं बोलायला शिकवलंत."

त्यानंतर तो आला नाही. तो लोकांची कुलपं परत करतोय, दुकान आवरतोय, अशी बातमी काकांनीच आणली. ती तराजूपाशी नुसती बसून होती. काकांनी बारीक खिळ्यांचा न फोडलेला पुडा तिच्यापुढे सरकवला. गिऱ्हाईक असं तोडू नये, एवढंच म्हणाले, आणि पाठ फिरवून उगाच खण लावत बसले.

त्याच्या भिंतीवरचे हुक रिकामे झाले होते. तिने माफी मागितली आणि पुडा पुढे केला. तुमच्या हाताने फोडा, म्हणाली. त्याने फोडला, एक खिळा निवडला, पट्टी स्वतःच गुंडाळली. अंगठे टेकवले. दाबलं… खिळा थोडा झुकला. आणखी थोडा. मग अंगठ्यांतला जोर सरला आणि खिळा अर्ध्यावर थांबला तो थांबलाच.

"झालं," तो म्हणाला. "उद्या निघतो."

"ताईकडे जायचं हे तुम्ही ठरवलंत. हाताला विचारलंत?"

"त्याला काय विचारायचं? उद्या त्याला घासही उचलवणार नाही."

"असेल. मी माझ्या हाताला विचारून आलेय." तिने आपला घट्टे पडलेला तळहात त्याच्यापुढे उघडला. "हा इथेच राहायचं म्हणतोय. तुमच्यापाशी."

त्याने हातातला खिळा दिव्याकडे धरून पाहिला.

"खिळा अर्धाच वाकलाय," तो म्हणाला.

"मग उद्याचं लक्ष्य अर्ध्याचं. तेही जमेनासं झालं, तर नुसता धरायचा."

"आणि धरवलाही नाही तर?"

तिने तो वाकडा खिळा त्याच्या हातातून घेतला. "तर मी वाकवीन," ती म्हणाली. "तुम्ही चुका काढा. ते तुम्हाला आत्ताही छान जमतं."

तो हसल्यासारखा झाला. डोळे भरले होते, पण ते पुसायला हात उचलला नाही. मग त्याने पुड्यातून नवा खिळा घेतला, चामड्याची पट्टी उचलली… आणि दोन्ही तिच्यापुढे धरली.

"घट्ट बांधा, मालकीणबाई," तो म्हणाला. "सुटायला नको."