टिकणारी सावली

डॉ. हेमांगी कीर यांनी खुर्चीत बसलेल्या बाईंची हनुवटी हलकेच धरून त्यांचा चेहरा खिडकीकडे वळवला. सकाळचा उजेड तिरपा येत होता. सुरकुत्या पाहायच्या तर असाच उजेड हवा. समोरून पडणारा प्रकाश सगळ्यांनाच तरुण करतो.

"विनयाताई, घरी लेप कसा लावता, ते एकदा करून दाखवा."

विनया रेगे अडुसष्ट वर्षांच्या होत्या. उमेदीची सारी वर्षे त्यांनी दूरचित्रवाणीवर बातम्या वाचल्या होत्या, त्यामुळे रंगभूषा त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी आधी चेहऱ्याला ओलावा देणारे क्रीम लावले आणि ते मुरेपर्यंत नाशिकच्या रस्त्यांना नावे ठेवली. मग अनामिकेच्या टोकावर मुगाएवढा लेप घेऊन थापटत थापटत बसवला. कुठे ओढले नाही, चोळले नाही.

"या वयात कातडीशी जबरदस्ती चालत नाही," त्या म्हणाल्या. "पावडर तर मी कधीच सोडली. ती सुरकुतीत जाऊन बसते आणि लपवायच्या ऐवजी बोट दाखवते. भुवया भरायच्या, पण एकेक केस काढल्यासारख्या. ओठांना आधी कडा काढायची, नाहीतर रंग वरच्या रेघांत चढतो. आणि जे काही लावायचं ते थोडं. थर चढला की वय दिसलंच."

"सगळं बरोबर करताय. मग लेपाचं काय बिनसलं?"

"संपतो. जेवायच्या आत. तुम्ही म्हणाला होतात, निजेपर्यंत टिकेल. शिवाय हा लेप काय करतो तेही मला अजून धड कळलेलं नाही."

हेमांगीने समोरचे स्टूल ओढले. 'निश्छाया' हा लेप तिच्या प्रयोगशाळेत जन्मला होता आणि त्याबद्दल बोलायला तिला नेहमीच आवडे.

"सुरकुती आपल्याला दिसते, म्हणजे नेमकं काय दिसतं? तिच्यात पडलेली सावली. कातडीचा रंग तिथं वेगळा नसतो, फक्त उजेड कमी पोचतो. या लेपात डोळ्याला न दिसणारे दीप्तिकण आहेत. प्रत्येक कण शेजारच्या कणांवर किती उजेड पडतोय ते पाहतो. स्वतःवर कमी पडत असेल, तर तेवढाच उजेड तो स्वतः टाकतो. सावली भरून निघाली की सुरकुती असून नसल्यासारखी."

"मग हसल्यावर गालाला खळी पडते, तीही पुसली जायला हवी. माझी तर दिसते."

"कारण आम्ही कणांना थोडं थांबायला शिकवलंय. पहिल्या प्रयोगात माणसं मेणाच्या बाहुल्यांसारखी दिसायला लागली होती. हसणं, रागावणं, काहीच कळेना. तेव्हा आम्ही नियम घातला. सावली आली आणि थोड्या वेळात गेली, तर तो हावभाव. तिला हात लावायचा नाही. सावली आली आणि तशीच बसून राहिली, तर ती सुरकुती. ती पुसायची."

विनयाताईंनी आरशात पाहून हसून घेतले. खळी उमटली आणि गेली.

"आणि हे सगळं करायला कणांना इंधन लागत असेल."

"प्रत्येक कणात ते साठवलेलं असतं. तुमच्या वयाच्या चेहऱ्याला दिवसभर पुरेल एवढं."

लेपाच्या चाचणीतल्या बाकीच्या स्वयंसेविकांना ते पुरत होते. त्यांच्यातल्या दोघी तर ऐंशीच्या पुढच्या होत्या. विनयाताईंच्या डबीतला लेप सदोष असावा, असे गृहीत धरून हेमांगीने तो तपासला होता. दोष सापडला नव्हता. म्हणून आज त्यांना इथेच बसवून ठेवायचे ठरले होते.

समोर दीप्तिदर्शक उभा केला. हा एक साधा कॅमेरा होता, मात्र त्याला दिवसाचा उजेड दिसत नसे. दीप्तिकण जो प्रकाश स्वतःहून टाकत, तेवढाच दिसे. म्हणजे लेप चेहऱ्यावरचे जे जे पुसत असेल, ते पडद्यावर उजळून उठे.

विनयाताई गप्पा मारत राहिल्या. एकदा थेट प्रक्षेपणात समोरच्या पडद्यावरची अक्षरे गेली आणि त्यांनी हवामानाचा अंदाज मनानेच कसा सांगितला, तो किस्सा ऐकून शेजारच्या खोलीतले लोक डोकावून गेले. दुपार व्हायच्या आत लेप संपला. त्या तोंड धुवायला गेल्या, तेव्हा हेमांगीने डॉ. साजिद तांबोळींना पडद्यापाशी बोलावले. साजिद त्वचातज्ज्ञ होते आणि चेहऱ्याचे स्नायू हा त्यांचा खास विषय.

"डोळ्यांच्या कडा, गळा, ओठांवरच्या रेघा, हे अपेक्षित आहे," हेमांगी म्हणाली. "पण हे बघ. कपाळाच्या मधोमध. आणि इथं, ओठांच्या टोकांखाली. इंधन सगळं इथं जळतंय."

साजिदनी चित्र मोठे केले.

"ही सुरकुती नाही. सुरकुती जागची हलत नाही, ही बारीक थरथरतेय. भुवयांची आतली टोकं वर ओढली गेलीत. बहुतेकांना हा स्नायू मुद्दाम उचलता येत नाही. तो आपोआप उचलला जातो."

"कधी?"

"माणूस दुःखात असतो तेव्हा."

"साजिद, त्या सकाळपासून हसताहेत."

"हसू येऊन जातंय. म्हणून तुझा लेप ते दिसू देतोय. हे येऊन बसलंय. म्हणून पुसतोय. तूच नियम घातलास ना?"

हेमांगीने नियम आठवून पाहिला. त्यात कुठेही चूक नव्हती. हावभाव क्षणिक असतात, हे ती धरून चालली होती आणि बहुतेक असतातही.

तोंड धुऊन विनयाताई बाहेर आल्या. लेप नसलेला त्यांचा चेहरा हेमांगीने सकाळीही पाहिला होता, पण तेव्हा तिची नजर फक्त सुरकुत्यांवर होती. तो म्हातारा नव्हता, पण त्याच्याकडे फार वेळ पाहवत नव्हते.

"कळलं वाटतं तुम्हाला," विनयाताई म्हणाल्या आणि शांतपणे खुर्चीत बसल्या.

त्यांच्या यजमानांना, श्रीरंग रेग्यांना, मणक्याचा आजार होता. शस्त्रक्रिया होऊनही दुखणे गेले नव्हते. अंथरुणाला खिळून दीड वर्ष होत आले होते.

"ते माझ्याकडे बघत राहायचे आणि म्हणायचे, माझ्यामुळे तुझी काय दशा झाली. त्यांना स्वतःच्या दुखण्यापेक्षा माझ्या तोंडाचा त्रास व्हायला लागला. तेवढ्यात तुमची जाहिरात वाचली. लेप लावायला लागले आणि काय सांगू, थोड्याच दिवसांत ते निवळले. कपाळावरची आठी गेली. दुखण्याची तक्रार नाही, काही नाही. वेदनावाचकसुद्धा तेच सांगतोय."

वेदनावाचक हेमांगीला ठाऊक होता. घरी उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या पलंगापाशी तो बसवत. रुग्णाचा चेहरा वाचून तो वेदना किती आहे ते ठरवी आणि सुईतून जाणारे औषध त्या मानाने वाढवी किंवा कमी करी.

"औषध निम्म्यावर आलंय," विनयाताई म्हणाल्या. "तेव्हा डॉक्टर, मला एवढंच हवंय, की लेप रात्रीपर्यंत टिकावा. दुपारी न्हाणीघरात जाऊन पुन्हा लावायला लागतो. एखाद्या दिवशी त्यांनी पाहिलं तर सगळं मुसळ केरात जाईल."

हेमांगी नियम बदलायच्या विचारात होती. सावली टिकली तरी स्नायू थरथरत असेल तर तिला हात लावायचा नाही, असे कणांना शिकवणे अवघड नव्हते. पण समोरच्या बाई नेमके उलटे मागत होत्या, आणि त्यांच्या मागण्यात तिला काही गैरही दिसेना.

"दुप्पट इंधनाचा लेप करून देते," ती म्हणाली. "पण घरचा उजेड वेगळा असतो. एकदा तिथं येऊन मोजावं लागेल."

"या. पण त्यांना काही सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

पुढच्या आठवड्यात हेमांगी रेग्यांच्या घरी गेली. श्रीरंगराव पलंगावर उशांना टेकून बसले होते. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा. पूर्वी जहाजावर इंजिनियर होते आणि बोलताना अजूनही इंजिनाच्या आवाजावर मात करायची असावी तसे मोठ्याने बोलत. वेदनावाचकाचा दिवा हिरवा होता.

"या, डॉक्टरीणबाई! आमच्या हिला तरुण करणाऱ्या तुम्हीच का?"

विनयाताई हसत चहा करायला आत गेल्या. हेमांगीने दीप्तिदर्शक तिपाईवर बसवला. या खोलीत लेप नसलेला चेहरा, म्हणजे श्रीरंगरावांचा, यंत्राला कसा दिसतो, ते आधी नोंदवायचे होते. पडदा त्या वेळी पूर्ण काळा असायला हवा.

"जरा इकडे बघता का? यंत्र लावून घेते."

श्रीरंगरावांनी मान वळवली आणि पडदा उजळला.

आधी तिला वाटले, कॅमेऱ्यात काहीतरी बिघाड आहे. मग चित्र स्पष्ट झाले. आवळलेल्या पापण्या, नाकाच्या दोन्ही बाजूंना वर खेचलेले गाल, कपाळावर खोल आठी. दीप्तिकण इंधन ओतत होते आणि यातले काहीच पलंगावरच्या प्रसन्न चेहऱ्यावर दिसत नव्हते.

श्रीरंगरावांना तिची नजर कळली असावी. त्यांनी आवाज खाली आणला. तो तसा आणता येतो, हे हेमांगीला नवीन होते.

"दाढी मी स्वतः करतो. आरसा आणि सामान इथंच असतं, तिची डबीही तिथंच. बोटभर घेतो. चोरीच म्हणा."

"का पण?"

"माझं दुखणं बघून ती खंगत चालली होती हो. रात्रंदिवस माझ्या तोंडाकडे डोळे. मग एकदा हे लावून पाहिलं, तर आरशात माझी आठीच दिसेना. रोज लावायला लागलो आणि बघा, काही दिवसांतच तिचा चेहरा सुधारला. आता कशी शांत दिसते! माझ्या प्रयोगाला यश आलंय. तिला सांगू नका."

हेमांगीला आता कळले. दोन प्रयोग एकाच घरात, एकाच वेळी चालले होते. दोघांनाही हवे ते दिसले होते. प्रत्येकाला दुसऱ्याच्या चेहऱ्यावर आपल्या लपवण्याचा परिणाम वाटत होता आणि प्रत्यक्षात दुसऱ्याचे लपवणे दिसत होते. वेदनावाचक तर प्रामाणिकपणे, दिसेल ते वाचत होता.

"औषध निम्मं झालंय, त्याचं काय?"

"सोसतो."

स्वयंपाकघरात कपबशा वाजल्या. हेमांगीने दोन माणसांना शब्द दिला नव्हता, एकालाच दिला होता. पण दुसऱ्याचे गुपितही उघड करावेसे तिला वाटेना. आणि गप्प राहिले तर हा माणूस असाच, अर्ध्या औषधावर, हसतमुख पडून राहणार होता. तिच्या नव्या लेपाने तर आणखी जास्त वेळ.

विनयाताई ट्रे घेऊन आल्या.

"विनयाताई, मला कोरा चेहरा लागेल नोंदीला," हेमांगी म्हणाली. "आधीचा लेप पुसून घ्या. इथंच, या उजेडात."

विनयाताईंचा हात ट्रेवरच थांबला. "इथं? आत पुसून येते ना."

"पुसून आत बसलात तर मला मोजता येणार नाही. यंत्र इथं आहे."

नाही म्हणायचे तर कारण सांगावे लागले असते. विनयाताईंनी हेमांगीकडे पाहिले. त्या नजरेत राग होता आणि हेमांगीने तो ओळखलाही. तिने वाटीत पाणी घेतले, कापसाचे दोन बोळे भिजवले आणि एक पुढे केला.

विनयाताईंनी पलंगाकडे पाठ करून चेहरा पुसला. पण यंत्र पलंगाच्या बाजूलाच होते. शेवटी त्यांना वळावे लागले.

श्रीरंगराव पाहत राहिले. भुवयांची आतली टोके, ओठांची खाली ओढलेली टोके, डोळ्यांखालचा काळेपणा. महिन्यामहिन्यांचे जागरण तिथे जमा होते. मग हात लांब करून वाटीतला दुसरा बोळा घेतला आणि दाढी झाल्यावर पुसावे तसा, सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा पुसून काढला.

"अहो, हे काय करताय?" विनयाताई म्हणाल्या. मग त्यांना दिसले.

वेदनावाचकाचा दिवा पिवळा झाला, मग लाल. यंत्राने बारीक आवाज केला आणि नळीतून औषध झरझर उतरू लागले. त्याकडे कुणाचेच लक्ष नव्हते.

"किती दुखतंय?" विनयाताईंनी विचारले.

"पुष्कळ," श्रीरंगराव म्हणाले. "तू झोपत का नाहीस गं?"

विनयाताई पलंगाच्या कडेवर बसल्या. चहा निवून गेला. हेमांगीने यंत्राची तिपाई मिटवली, पेटी बंद केली आणि नवी डबी हातात घेऊन ती दाराशी जरा घुटमळली. ठेवावी की परत न्यावी, ते तिला ठरवता येत नव्हते.

"ठेवा ती," विनयाताई मान न वळवता म्हणाल्या. "रविवारी भाचीचं लग्न आहे. तिथं मला छान दिसायचंय. घरात नको."

"आणि उंच फळीवर ठेवा," श्रीरंगराव म्हणाले. "माझा हात पोचणार नाही अशी."