उजव्या हाताचं चौथं नख

मी दात करते. पडलेल्यांच्या जागी बसतात, ते. आमच्या लॅबमध्ये सही मामाची चालते आणि हात माझा. नऊ वर्षांत माझा एकही दात डॉक्टरांकडून परत आलेला नाही. उंच झाला, टोचला, रंग जुळला नाही, असं एकदाही झालं नाही. प्रत्येक कामाच्या कार्डावर शेवटी दोन चौकोन असतात: ‘पूर्ण’ आणि ‘परत येणार’. दुसऱ्या चौकोनात मी कधी खूण केलेली नव्हती. याचा मला थोडा गर्व होता. थोडा म्हणजे मामा वैतागेल इतका.

त्या दुपारी बाहेर, आमच्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टचं जाळीचं दार नेहमीसारखं खाडकन लागलं, आणि पाठोपाठ एक नवाच आवाज आला. माणसाचा.

दारात तो उभा होता. खांद्यावर गिटारची पिशवी, उजवा हात डाव्या हातात धरलेला.

“इथे डॉक्टर आहेत का?”

“डॉक्टर नाहीत. दात आहेत.”

त्याने खोलीभर पाहिलं. फळ्यांवर चाळीसेक प्लास्टरचे जबडे रांगेत बसलेले असतात. नवख्या माणसाला ते जरा आगाऊ वाटतात.

“हे सगळे... माझ्याकडे बघतायत.”

“डोळे नाहीत त्यांना. बसा.”

मी बोट धुतलं, औषध लावलं, पट्टी बांधली. उजव्या हाताचं चौथं बोट, करंगळीच्या शेजारचं. नख अर्ध्यातून गेलं होतं. पण त्याचं रक्ताकडे लक्षच नव्हतं.

“रक्त काय, परत होईल,” तो म्हणाला. “नख गेलं.”

“नखही परत येतं. महिन्याला तीन मिलिमीटर.”

“म्हणजे हे केव्हा?”

“तीन महिने धरा.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चौथ्या मजल्यावर तो गिटार शिकवायचा. तारा छेडायला पट्टी वापरत नाही, थेट नखांनी वाजवतो, त्यामुळे नख म्हणजे त्याचा गळाच. आणि बरोबर तीन महिन्यांनी एक प्रवासी जहाज निघणार होतं. सहा महिने रोज संध्याकाळी डेकवर वाजवायचं. या बोलावण्याची त्याने दहा वर्षं वाट पाहिली होती.

“पण तोवर शिकवू कसा? सराव कसा करू?”

माझ्या हाताने मला न विचारता त्याचं बोट उजेडाकडे वळवलं आणि दातांच्या रंगांची पट्टी शेजारी धरली.

“काय करताय?”

“रंग बघतेय. ए-दोन आहे. छान रंग आहे.”

“माझ्या नखाचं असं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं,” तो म्हणाला, आणि दुखत असताना हसला. दुखत असताना हसणारी माणसं मला आधी कधी भेटली नव्हती. आमच्याकडे माणसं येतच नाहीत, त्यांचे जबडे येतात.

*

पहिलं नख मी सुळ्यासारखं केलं. जाड, भक्कम, चकचकीत. बोट बरं झाल्यावर त्याने ते लावून तार छेडली आणि विचारात पडला.

“चावल्यासारखं वाजतंय.”

मी ते काढून घेतलं. दुसरं केलं कागदासारखं पातळ, कडेला किंचित उतार देऊन. ते लावून त्याने एक कॉर्ड वाजवला... आणि पॉलिशची मोटर मी स्वतः उठून बंद केली. फळीवरचे जबडे तर आ वासूनच होते. त्यांचं सोडा, मामासुद्धा हातातलं मेण विसरला.

“हे काय होतं?” मी विचारलं.

“बोसानोव्हा.”

“हिरड्यांना लावायचं मलम वाटतं,” मामा म्हणाला. मग चष्मा वर सरकवून, “हे बघा, हिला कामाशिवाय काही येत नाही. दहा-बारा दिवसांनी गोंद सुटेल, तेव्हा तुम्हाला यावं लागेलच. हिला हे शिकवा. तेवढाच मोबदला.”

“मामा, मला न विचारता...”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.”

मामाने कार्ड भरायला घेतलं. ‘दात क्रमांक’ या रकान्यापाशी तो अडला. शेवटी लिहिलं: चौथा, उजवीकडचा. ‘रुग्ण’पुढे लिहिलं: नखवाला.

*

नखवाला दहा दिवसांनी यायचा, असं ठरलं होतं. तो दर दोन दिवसांनी यायला लागला. शिकवणीतली एक जुनी गिटार त्याने माझ्यासाठी लॅबमध्येच ठेवली. सहा वाजता मोटर थांबायची, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत यायचं, आणि हवेत तरंगणारी प्लास्टरची भुकटी त्या उन्हात सोन्यासारखी दिसायची. इतर वेळी तिला आम्ही धूळ म्हणतो.

“अंगठा म्हणजे चालणारा माणूस,” तो सांगायचा. “जाड तारांवर, सारख्या पावलांनी. घाई नाही, थांबणं नाही. बाकीची तीन बोटं वरच्या तारा एकदम उचलतात, पण पावलावर नाही... पावलांच्या मधे. अशी.”

माझा अंगठा चालायला लागला की बोटंही त्याच्याबरोबर चालायची. कवायत.

“तुम्ही समेवर येताय.”

“मग कुठे येऊ?”

“समेच्या अर्धी मात्रा आधी. पुढचा कॉर्ड त्याची वेळ व्हायच्या जरा आधीच वाजवायचा. दार उघडायच्या आत पाहुणा घरात, असं.”

“मी वेळेवर येते. नऊ वर्षं वेळेवर येतेय.”

“तीच तर अडचण आहे,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला, आणि माझं बोट तारेवर नीट ठेवलं. मग त्या बोटावरून त्याचा हात... अर्धी मात्रा उशिरा निघाला.

ते कॉर्डही विचित्रच. डाव्या हाताची बोटं फाकवून फाकवून दुखायची, आणि एवढं करून आवाज पुरता मिटायचा नाही. शेवटी एक सूर तसाच लोंबकळत राहायचा.

“हा बसलेला नाही,” मी म्हणायचे. “कुठेतरी फट राहिलीय.”

“ती राहू द्यायची असते.”

“आमच्याकडे असं झालं तर काम परत येतं.”

“आमच्याकडे असं झालं तर माणसं परत येतात. ऐकायला.”

मी कॅलिपर घेतलं आणि त्याचं नख मोजलं. दर दहा दिवसांनी मी ते मोजायचे आणि कार्डामागे लिहायचे: एक मिलिमीटर, दोन, तीन. आकडा वाढला की त्याला म्हणायचे, “वा, छान.” आणि मनात त्या आकड्याला काही छान म्हणावंसं वाटायचं नाही. नऊवर पोचला की जहाज.

मामा एकदा मेण वितळवता वितळवता म्हणाला, “दोन महिने झाले. इथे येणारा प्रत्येक जबडा तोंड उघडून येतो. याने अजून उघडलेलं नाही.”

“तो दर वेळी इतकं बोलतो मामा.”

“गिटारबद्दल,” मामा म्हणाला, आणि फुंकर मारून ज्योत विझवली.

*

सहा मिलिमीटरवर नख थांबलं.

दहा दिवसांनी सहा. आणखी दहा दिवसांनीही सहाच. कॅलिपर तपासायला मी तीन जबडे मोजून पाहिले. कॅलिपर ठीक होतं. मग मला भीती वाटायला लागली. नख असं वाढायचं थांबत नाही. माणसाच्या शरीरात काहीतरी कमी असतं, काहीतरी बिनसलेलं असतं.

“नीट जेवता का?”

“तुमच्यापेक्षा जास्त.”

“झोप लागते?”

“पूर्वी लागायची.”

मी घाबरून कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या. दूध प्या म्हटलं. रक्त तपासून घ्या म्हटलं. तो सगळ्याला हो म्हणाला, गोळ्या गपागप घेतल्या, आणि नख तिथल्या तिथे. जहाज निघायला नऊ दिवस राहिले होते. सोमवारपर्यंत येता की नाही ते कळवा, येणार असाल तर त्याच दिवशी तालमीला बंदरावर या, असा निरोपही त्याला आला होता.

त्या संध्याकाळी बाहेर भुरभुर पाऊस होता आणि आत दिवा लावावा लागला. जुनं नख काढलं, नवं बसवायच्या आधी डोळ्याला भिंग लावलं आणि त्याच्या खऱ्या नखाची कड पाहिली. कडेवर बारीक, तिरक्या रेघा होत्या. सगळ्या एकाच दिशेच्या.

कानशीच्या खुणा मला कोणी शिकवायला नकोत. आयुष्यभर तेच करतेय मी.

भिंगातून वर पाहिलं तर त्याचा चेहरा भलामोठा आणि अतिशय अपराधी दिसला.

“किती दिवस घासताय?”

“काय...?”

“डाव्या हाताने, खालून वर. बारीक दाण्याची कानस. किती दिवस?”

तो फळीवरच्या जबड्यांकडे बघायला लागला. त्यांच्याकडून काही मदत नव्हती.

“वीस,” तो म्हणाला. “रोज... थोडंसंच.”

“दहा वर्षं वाट पाहिलीत ना त्या जहाजाची?”

“पाहिली.”

“मग?”

“मग दुसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार लागलं.”

पाऊस खिडकीवर टिचक्या मारत होता. मला हसूही येत होतं आणि इतका राग आला होता की हातातलं नख कुठे ठेवलं तेच आठवेना.

“आणि मी तुम्हाला दूध पाजतेय! अख्खा आठवडा मला झोप नाही. वाटलं, यांना काहीतरी मोठं झालंय...”

“झालंय,” तो म्हणाला. मग जरा धीर धरून, “आणि तुम्हाला समेच्या आधी येणं तीन आठवड्यांपूर्वीच जमलंय.”

“कोण म्हणतं?”

“मी. तेव्हा एकदा दुपारी जिन्यात उभा होतो. तुम्ही एकट्या वाजवत होता, अगदी बरोबर, अर्धी मात्रा आधी. आणि संध्याकाळी माझ्यासमोर परत कवायत.”

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. ए-दोन नक्कीच राहिल्या नसतील.

“शिकून झालं असतं तर तुम्ही आला नसतात,” मी म्हटलं.

मग फक्त पाऊस बोलत राहिला... तोही अधूनमधून.

*

चार दिवस मी इतर सगळी कामं बाजूला सारली. डॉक्टरांचे फोन मामाने झेलले. रविवारी संध्याकाळी मी दात पाठवायची छोटी डबी त्याच्यापुढे सरकवली. आत कापसावर तीन नखं होती. पहिलं सगळ्यांत लांब, दुसरं त्याहून आखूड, तिसरं अगदी चिंचोळं. गोंदाची नळीही.

“प्रत्येकी दहा दिवस. तुझं वाढत जाईल तसं माझं कमी होत जाईल. महिन्याभरात तुझं स्वतःचं पूर्ण. हे घेऊन उद्या कळव त्यांना, की येतोय.”

‘तू’ कधी म्हणाले, ते मलाच कळलं नाही. त्याला कळलं.

“मी न जाण्यासाठी इतकं घासलं, आणि तू...”

“माझ्यामुळे राहिलेला माणूस मला नको. उद्या कधीतरी उंच होतो. टोचतो.”

डबीला चार खण असतात. चौथा रिकामा होता. त्याने खिशातून एक बोटभर कानस काढली, त्या खणात ठेवून पाहिली. बसली. पण मग त्याने ती परत उचलली आणि माझ्या टेबलावर माझ्या हत्यारांच्या रांगेत, शेवटून दुसऱ्या जागी ठेवली.

“ही इथेच राहू दे. नखाला आकार द्यायला जहाजावर दुसरी घेईन.”

मग आम्ही शेवटचं एकत्र वाजवलं. माझा अंगठा त्याच्या अंगठ्याबरोबर चालला, सारख्या पावलांनी, आणि मी प्रत्येक वेळी समेच्या आधी आले. आता लपवायला काही उरलं नव्हतं. ऊन भुकटीतून तिरकं येत होतं आणि शेवटचा कॉर्ड नेहमीसारखा न मिटता हवेत राहिला. या वेळी मी फट आहे म्हटलं नाही.

लिफ्टपाशी त्याने दार एका हाताने, फार जपून धरलं.

“सहा महिने आहेत. लांब आहेत. मी हे आज विचारणं बरोबर आहे की नाही, माहीत नाही, पण परत आल्यावर तू...”

“हो.”

“मी अजून विचारलं नाही!”

“अर्धी मात्रा आधी,” मी म्हटलं.

जाळीच्या पलीकडून त्याचं हसू एक एक मजला खाली गेलं.

आत आले तेव्हा मामा नखवाल्याचं कार्ड घेऊन बसला होता. माझ्याकडे न बघता त्याने पेन पुढे केलं.

“काम संपलं ना? खूण कर.”

मी कार्ड घेतलं. ‘पूर्ण’वर पेन टेकवलं, उचललं. मग शेजारच्या चौकोनात, नऊ वर्षांत पहिल्यांदा, नीट बरोबरची खूण केली.

मामाने ती चष्म्यातून पाहिली, मग चष्म्यावरून पाहिली.

“तुझं काम परत येणार?”

“येणार,” मी म्हटलं, आणि मोटर सुरू केली.