जागा झाली

हिंगोलीत स्टेशन रस्त्याला, खताच्या दुकानाच्या माडीवर, जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आहे, हे निम्म्या हिंगोलीला ठाऊक नाही. तीन खोल्या, गावोगावच्या म्हाताऱ्यांचे दोन हजार आवाज आणि ते सगळे पोटात घेऊन बसलेला एक जुना सर्व्हर. त्याची देखभाल शीतलकडे. खालून युरियाचा वास यायचा, वर सर्व्हरचा पंखा कुरकुरायचा, एवढीच काय ती करमणूक.

सकाळी अकराला संचालक सूर्यकांत सरांनी फर्मान काढलं. "डिस्क भरली. चारला नांदेडचा माणूस येऊन राहिला, तो सगळं पुसून नव्यानं टाकील. फायलींच्या नकला झाल्या ना?"

"एक सोडून सगळ्यांच्या, सर."

"मग एकीसाठी काहून अडून बसल्या?"

ती एक म्हणजे शीतलच्या आजीची, डोंगरकड्याच्या लक्ष्मीबाईंची. आजी एकेका नातवंडाची ओवी गात होती. सहा झाल्या, सातवी शीतलची, आणि नेमकी तिथंच डिस्क भरून रेकॉर्डिंग तुटलं. अकरा मिनिटं सहा सेकंद. "राहू दे, उद्या म्हणीन," आजी म्हणाली, आणि त्याच रात्री गेली. त्याला सहा महिने झाले. त्या तुटक्या फाईलची नक्कल काही केल्या होत नव्हती. वाजायची ती फक्त याच सर्व्हरवर.

"न पुसता जागा करून देते, सर. त्या माणसाला चहा पाजून परत पाठवा," शीतल म्हणाली. सरांनी हात झटकले आणि ते पुसेगावला निघून गेले.

डिस्कचे दोन भाग होते. एकात यंत्राचं स्वतःचं सामान, निम्मं रिकामं. दुसऱ्यात आवाज, खच्चून भरलेले. घर न पाडता मधली भिंत सरकवायची होती, आणि क्रम चुकला तर सगळंच मातीत. शीतलनं आकडे कागदावर मांडले, सर्व्हर पेनड्राइव्हवरून चालू केला, आधी यंत्राचा भाग आकसवला, मग आवाजांचा वाढवला. चाळीस जीबी. दीड वाजता काम फत्ते!

"झाली बघ जागा," ती शिलाला म्हणाली. शिला शेजारच्या टेबलावर ओव्यांची यादी करत होती.

खात्री करावी म्हणून शीतलनं आजीची फाईल उघडली. अकरा मिनिटं चाळीस सेकंद.

"रेकॉर्डिंग चालू आहे का गं?"

"माइक तर कपाटात हाय, ताई. किल्ली तुमच्याकडंच."

तिनं फाईल वाजवली. तुटलेल्या शब्दाच्या पुढं आजीनं दम घेतला. बांगड्या वाजल्या. मागं जातं घरघरत होतं. आजी तर तेव्हा इथंच, याच खोलीत खुर्चीवर बसून गायली होती. माडीवर जातंच नव्हतं.

मोकळी जागा: शून्य.

चौतीस सेकंदांना चाळीस जीबी? छट्! शीतलनं डिस्क तपासली. दोष एकही नाही. मग तिनं आणखी वीस दिले. फाईल अकरा सेकंदांनी वाढली. "नात माझी गं..." आणि पुन्हा तुटली.

आता माघार नाही, तिनं ठरवलं. यंत्राकडे पाचच जीबी सुटे उरले होते. तेही घेतले तर सर्व्हर पुन्हा उठेल याची खात्री नव्हती.

"राहू द्या, ताई. मला हे बराबर वाटून नाही राहिलं."

"तुला नसू दे. ओवी माझी आहे."

तिनं ते पाचही दिले.

नात माझी गं शीतल, दळणाला मागं राही,
जात्यापाशी तिची जागा, अजून कुणी घेत न्हाई.

शीतलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. याच दोन ओळींसाठी तिचा जीव तुटत होता. शिला मात्र खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

या वेळी डिस्क भरली नव्हती. जातं थांबलं.

"ऐकलंस का, लेकरा?" आजीनं विचारलं.

"व्हय, आजी."

आवाज शीतलचा होता, पण स्पीकरमधून आलेला. तोंड तिनं उघडलं नव्हतं.

"काय म्हणलात, ताई?" शिलानं खिडकीपासूनच विचारलं.

शीतल उत्तर द्यायला गेली. ओठ हलले. घशातून नुसता वारा गेला.

पडद्यावर फाईल दोन सेकंदांनी वाढली.