डावीकडची सीट

समीक्षा दहावीत होती, आणि फोनवर सायलेन्सर विकत होती.

"वेल्डिंग एकाच ठिकाणी आहे. बेडशाच्या रस्त्याला खड्ड्यात आपटलावता, फोटोत दिसतंय बघा. आतून स्वच्छ आहे. आवाज ऐकायचा असेल तर व्हिडिओ टाकते."

पलीकडून तळेगावचा गंधार म्हणाला, "तू निलेशची बहीण ना? त्याच्यासारखीच बोलतेस."

हे ऐकून तिला रडू येणार होतं, पण त्याच वेळी छातीही फुगली.

निलेशदादा गेल्या पावसाळ्यात साध्या तापाच्या निमित्तानं गेला. त्याची लाल गाडी घेणाऱ्याला साधीच हवी होती, म्हणून वडिलांनी, अण्णांनी, कंपनीचे मूळ पार्ट परत बसवून ती देऊन टाकली. दादानं हौसेनं लावलेलं सगळं कामशेतच्या घरामागं शेडात उरलं. सायलेन्सर, पिवळे दिवे, तळहातांत मावेल असं छोटं स्टिअरिंग, आणि डावीकडची खोलगट, रेसच्या गाडीतली सीट. उजवीकडची त्यानं घेतलीच नव्हती. सगळे मित्र हसायचे. "चालवणाऱ्याचं काय एवढं," तो म्हणायचा, "शेजारी बसणाऱ्याला मजा आली पाह्यजे."

शेजारी बसायची समीक्षा. खरं तर ती सीट त्यानं आईसाठी आणली होती. पण आई काही बसली नाही. एक तर चपला गाडीच्या दाराशी काढायच्या, असा दादाचा नियम. मग तो स्वतः उतरून त्या डिकीत ठेवणार.

"देऊळ हाय का रं ते?" आई म्हणायची. "आन् त्या टोपलीत बसलं तर मला काढायला चार माणसं लागतील. आज भात झोडायचाय. उद्या बसीन."

दरवेळी उद्या.

शेडात गंज चढलेला दादाला चालला नसता. वापरात नसलेला पार्ट मेलेला, असं तो म्हणायचा. म्हणून समीक्षानं सगळं त्याच्याच मित्रांच्या ग्रुपवर विकायला काढलं.

सायलेन्सर गेला त्याच दिवशी दिवेलागणीला, रस्त्याच्या वळणावर आवाज झाला. भुर्र. भुर्र. दोनदा.

घरी येताना दादा असाच दोनदा अ‍ॅक्सिलरेटर मारायचा. आईनं तवा ठेवावा म्हणून.

समीक्षानं गणिताच्या वहीतून मान वर केली. रस्ता रिकामा. मळणीच्या भाताचा वास, आणि दूर हायवेची घरघर. स्वयंपाकघरात तवा गॅसवर ठेवल्याचा खणकन आवाज आला.

समीक्षानं गंधारला फोन लावला. "आमच्या इकडं आलावतास? सायलेन्सर लावून?"

"अगं, गाडी गॅरेजला आहे. सायलेन्सर इथं माझ्या पलंगाखाली. आई ओरडतेय."

पिवळे दिवे लोणावळ्याची अपूर्वा घेऊन गेली. त्या संध्याकाळी भुर्र-भुर्र झालं, आणि समोरच्या भिंतीवरून पिवळा उजेड सरकत गेला. तुळशीपाशी थोडा थांबला, मग विझला. विचारल्यावर अपूर्वाचा मेसेज आला: दिवे अजून उघडलेसुद्धा नाहीत, परीक्षा आहे.

स्टिअरिंग गेलं. मग वळणावरचा आवाज वळणावर थांबला नाही. अंगणात आला. खडीवर चाकं वळली, इंजिन दाराशी घुमत राहिलं, आणि जरा वेळानं निघून गेलं.

समीक्षाला हिशेब कळला. इथून जे जातं, ते तिकडं दादाच्या गाडीला लागतं.

आता सीट तेवढी उरली होती.

तिला भीती वाटायला हवी होती. तिनं उड्या मारल्या. एक फेरी! पवनेच्या रस्त्यानं, खिडकी खाली करून, फक्त एक! तिनं गंधारला लिहिलं, उद्याच ये.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेडात गेली, तर आई पदरानं सीट पुसत होती. शिवणीशिवणीतून बोट फिरवत.

"ही टोपली गेली म्हंजे समदं गेलं ना गं?"

"व्हय."

"मग जाऊ दे लवकर," आई म्हणाली.

गंधार सीट घेऊन गेला. बांधताना म्हणाला, "एकटीनं काय भारी विकलंस सगळं! दादाला अभिमान वाटला असता."

"सांगते त्याला," समीक्षा म्हणाली. तो हसला.

दिवे लागले. समीक्षा अंगणात गाडी थांबायची त्या जागी उभी राहिली. चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

भुर्र. भुर्र.

उजेड आला. खडी वाजली. समोर काहीच नव्हतं, पण गुडघ्यांना इंजिनाची धग लागली.

डावीकडचं दार उघडल्याचा आवाज झाला. आतून सीटच्या कव्हरचा आणि दादाच्या गुलाबी साबणाचा वास आला.

तिचा पाय उचलेना.

"दादा," ती म्हणाली, "थांब हं. आईला सांगून येते."

ती आत धावली. "आई, अगं..."

तव्यावर भाकरी टम्म फुगली होती. परातीतल्या पिठात हाताचा ठसा उमटला होता. मागचं दार उघडं होतं.

बाहेर सीटबेल्टचा खटका वाजला.

दार लागलं.

खडी वाजली, उजेड भिंतीवरून सरकला, आणि वळणावर एकदाही अ‍ॅक्सिलरेटर मारल्याचा आवाज झाला नाही. आता तवा ठेवायला सांगायचं कुणालाच नव्हतं.

समीक्षा अंगणात आली. तिच्या चपला होत्या तशाच होत्या.

त्यांच्या शेजारी, नीट जोडून, आईच्या होत्या.